ब्लँचमधले दिवस : तुमचेही अनुभव लिहा

आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या वायव्येला, एम५० हा शहराभोवतीचा महामार्ग ओलांडला की आमचं ब्लँचर्ड्सटाउन. इथले सगळे नुसतं ‘ब्लँच’ म्हणतात. शहर पश्चिमेकडे वाढवायचं, टाला, लूकन-क्लोनडॉलकिन आणि ब्लँचर्ड्सटाउन इथे नवी वस्ती करायची, असं १९६७च्या माइल्स राइट यांच्या आराखड्यात सुचवलं होतं. त्याआधी इथे शेतं आणि छोटी गावं होती. आज डब्लिन १५ या आमच्या टपाल विभागात लाखाच्या वर माणसं राहतात. पण घरं आधी उठली आणि बाकीचं सावकाश आलं. मोठं शॉपिंग सेंटर उघडलं तेच १९९६ मध्ये. मी २००६ पासून इथे आहे आणि हे ‘मागाहून येणं’ मीही पाहिलंय. तुम्ही इथे कसे रुजलात, काय खटकलं, काय जीव लावून गेलं, ते सविस्तर लिहा.

टोल्काकाठ
शाळेपासूनच सुरुवात करते. २००७ मध्ये लेक चार वर्षांचा झाला. जवळच्या शाळेत विचारलं तर पहिला प्रश्न, बाप्तिस्म्याचा दाखला आहे का? इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली, आणि जागा कमी पडल्या की कॅथलिक मुलांना आधी प्रवेश. शाळा घरातून दिसायची, तरी आम्ही वेटिंग लिस्टवर. लेक खिडकीत बसून गणवेशातली मुलं बघायचा. अखेर दोन बस बदलून जावं लागेल अशा शाळेत जागा मिळाली. २०१८च्या कायद्याने ती अट निघाली. धाकटीच्या वेळी फॉर्मवर तो रकानाच नव्हता. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते.

मालवणकरीण
मी कॉनली हॉस्पिटलात नर्स. १९५५ मध्ये क्षयरोग्यांसाठी बांधलेलं हे रुग्णालय, आता परिसराचं मोठं सरकारी हॉस्पिटल. भारतीय नर्सेसमध्ये केरळच्या मुली जास्त, मराठी मोजक्याच. २०१७ च्या जूनमध्ये लिओ वराडकर पंतप्रधान, म्हणजे इथल्या बोलीत टीशाख झाले आणि म्हातारे पेशंट मला थांबवून विचारायला लागले, “तू त्यांच्याकडचीच का गं?” हो, तिकडचीच! त्यांच्या वडिलांचं वराड आमच्याच तालुक्यात. वडील इथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते, त्यामुळे जुन्या लोकांना मुलाच्या आधी डॉक्टरच आठवायचे. एका आजींनी मला वराडचा उच्चार चार वेळा करायला लावला आणि ‘ड’ जमल्यावरच गोळी घेतली.

कालव्याकडेचा
२०२० च्या फेब्रुवारीत आई-बाबा साताऱ्याहून आले आणि अडकले. मार्चअखेर नियम आला, घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायचं. आमच्या दोन किलोमीटरांत रॉयल कॅनाल येत होता, हे नशीब. कॅसलनॉक ते क्लोनसिलाच्या टप्प्यात कालवा खडक फोडून खोल नेलाय. वाट वर, पाणी खूप खाली, दोन्ही बाजूंनी झाडी. बाबा रोज तिथे. शेतकरी माणूस, इंग्रजी जेमतेम. तिथे एक आयरिश आजोबा भेटू लागले, तेही मूळचे शेतीवाले. अंतर ठेवून दोघं उभे राहायचे आणि हातवाऱ्यांनी बटाट्याची लागवड समजावायचे. मी भाषांतराला गेलो तर बाबा म्हणाले, “तू नको मध्ये, आमचं चाललंय.” ऑगस्टमध्ये परतीचं विमान मिळालं. साताऱ्याहून फोन आला की बाबांचा अजूनही पहिला प्रश्न त्या आजोबांचा.

हॅन्सफील्ड
आमचं स्टेशन २०१० मध्ये बांधून तयार होतं. गाड्या धडधडत जायच्या, थांबायच्या नाहीत, कारण स्टेशनाला जायला रस्ताच झाला नव्हता. २०१३ मध्ये उघडलं. पहिल्या आठवड्यात आम्ही उगाचच तिकीट काढून शहरात जाऊन आलो.

ओंगरची
गोड आठवणी माझ्याकडेही आहेत, पण आज दुसरं लिहायचंय. २०२५ च्या जुलैमध्ये टालात एका भारतीय माणसाला मारहाण झाली. त्यानंतर आणखी बातम्या येत राहिल्या. मी सोळा वर्षं इथे आहे, नागरिकत्व घेतलंय, तरी संध्याकाळी बसमधून उतरताना चावी मुठीत धरून चालायला लागले. टोळक्याने अंडं फेकणं आधीही झालं होतं, ते मी मुलांचा व्रात्यपणा म्हणून सोडून दिलं होतं. आता सोडवत नव्हतं.

शेजारीण सत्तरीची, मेयोची, म्हणजे पश्चिम आयर्लंडातल्या ग्रामीण भागातली. १९७८ मध्ये लग्न होऊन ब्लँचमध्ये आली, तेव्हा बाबागाडी ढकलत चिखलातून दुकान गाठायची. डब्लिनवाले तिला ‘गावंढळ’ म्हणून हसायचे, हे तिने मला त्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी उतरले तर ती बसस्टॉपवर उभी. काही बोलली नाही, दारापर्यंत सोबत चालली. आता दिवस लहान झालेत, साडेचारला अंधार पडतो. ती अजूनही येते, टॉर्च घेऊन.