टॉम विल्स : पत्रापलीकडचा माणूस

ऑस्ट्रेलियन फुटबॉल या खेळाच्या जन्माचं श्रेय क्रिकेटपटू टॉम विल्सला द्यायचं का, यावर ‘विल्सने फक्त एक पत्र लिहिलं, नियम समितीने केले’ असं कुणी म्हणतं. नियम एकट्याचे नाहीत, हे मान्यच. 17 मे 1859 ला मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी बसून दहा नियम लिहिले, त्यांत विल्स एक होता. पण जुलै 1858 चं, फुटबॉल क्लब काढा असं सुचवणारं ते पत्र क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात सुस्तावू नये म्हणून होतं आणि त्यानंतर तो स्वतः मैदानात उतरला, हे विसरू नका. त्याच ऑगस्टमध्ये दोन शाळांमध्ये फुटबॉलचा सामना झाला. एकेका बाजूला चाळीस पोरं! पंचांपैकी एक विल्स.

मला मात्र त्याचा पुढचा काळ जास्त अस्वस्थ करतो. ऑक्टोबर 1861 मध्ये क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात त्याच्या वडिलांसह 19 जण मारले गेले. तो सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. सूड म्हणून गोऱ्यांनी कितीतरी आदिवासींना ठार केलं. आणि पाचच वर्षांनी हाच माणूस आदिवासी क्रिकेट संघाला शिकवत होता, त्यांचा कर्णधार म्हणून मेलबर्नच्या मैदानावर उतरला. लहानपणी तो आदिवासी मुलांबरोबर खेळत, त्यांची भाषा बोलत वाढला होता.

दारूने त्याला पोखरलं. 1880 मध्ये, 44 व्या वर्षी, त्याने स्वतःचा जीव घेतला.