विकत घेतलेला गेम चालेना: खानदेशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

पैसे मोजून घेतलेल्या गेमची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या जी कुलुपं लावतात, त्यांचा जाच ज्यांनी सोसलाय त्यांनी इथे लिहावं. २००८ मध्ये 'स्पोअर' आला तेव्हा एक प्रत नेटवरून कंपनीकडे नोंदवून तीनदाच अ‍ॅक्टिव्हेट करता येई. लोक खवळले, मग मर्यादा ५ झाली. २०१० मध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या 'असॅसिन्स क्रीड २'ला एकट्याने खेळतानाही अखंड नेट लागे. त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि विकत घेणारेच बाहेर राहिले. आपल्याकडे लाइट आणि नेटचा भरवसा नसताना असे गेम खेळणाऱ्यांचं काय झालं असेल, ते ऐकायचंय.

अमळनेर
मी सांगतो. लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर आणि मोडेम दोन्ही इन्व्हर्टरवर चालायचे, पण एक्स्चेंजकडून लाइन गेली की मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायचा. थोड्या वेळात पडद्यावर पाटी यायची, की संपर्क तुटलाय, थांबा. घोडा उधळलेला तसाच हवेत. समोर दुसरा खेळाडू नाही, सगळा गेम माझ्या हार्डडिस्कवर, मग नेट कशासाठी? कापसाचे पैसे आल्यावर वडिलांनी हौसेने घेऊन दिला होता. ते खुर्चीमागे उभे राहून विचारायचे, "पैसा दिधात ना? मंग काबर नई चालस?" मला उत्तर देता यायचं नाही. मागच्या गल्लीत तोच गेम कुलूप तोडलेल्या सीडीवर रात्रभर चालायचा. त्या पोरांचा राग नाही आला भो. ज्याने पैसे घेतले त्याचा आला, अजून आहे.

भुसावळ
हार्डडिस्क गेली, एक अ‍ॅक्टिव्हेशन गेलं. व्हायरसमुळे विंडोज पुन्हा टाकलं, दुसरं गेलं. असं करत मर्यादा संपली. कंपनीला मेल केला, तर बिलाचा फोटो मागितला. बिल होतं, जळगावच्या गोलाणी मार्केटमधलं, हाताने लिहिलेलं, खाली दुकानाचा शिक्का. असलं बिल चालत नाही म्हणाले. आपल्या भागात तेव्हा दुसरं कुठलं बिल मिळायचं?

धुळे
माझा गेमचा अनुभव नाही, पण कुलूप तेच. डीटीपी करायचो. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं उपकरण, प्रिंटरच्या पोर्टला लावावं लागे. ऐन लग्नसराईत ते मेलं. पत्रिकांची गिऱ्हाइकं दारात बसलेली आणि माझंच विकत घेतलेलं सॉफ्टवेअर उघडेना.

रावेर
माझ्या जुन्या डिस्कवर एक ओरखडा नाही. मुलीला दाखवायला नव्या लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावला, गेम सुरूच होत नाही. असं का होतं?

चोपडा
ताई, डिस्क चांगलीच असणार. त्या काळच्या बऱ्याच गेमना सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. डिस्क अस्सल आहे का, हे तपासणारा त्याचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात चालायचा, म्हणून तो सुरक्षेला धोका ठरला. २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो काढला, जुन्या विंडोजवरही अपडेटने बंद केला. ते बरोबरच होतं. पण कुलूप काढायची जबाबदारी गेम विकणाऱ्यांची होती, आणि बहुतेकांनी ती घेतली नाही. जीओजी ही वेबसाइट २००८ पासून जुने गेम बिनकुलपाचे विकतं. तुमचा गेम तिथे आहे का पाहा.

शहादा
डिस्क नसली तरी सुटका नाही. 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. पोरं पॉकेटमनी साठवून गेम घेतात, मालक मात्र होत नाहीत. खरेदीच्या बटणाशेजारीच मोठ्या अक्षरात लिहायला हवं की हा गेम आम्ही कधीही बंद करू शकतो.

रावेर
चोपडेकर दादा, जीओजीवरून उतरवलेला गेम बसवताना पुन्हा नेट लागतं का? आमच्या मळ्यात रेंज नसते.

चोपडा
नाही लागत. गावात एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, मळ्यात बसवा. मी नेट बंद ठेवूनच बसवलेत, चालतात.