चावी फिरवताच पंखा सुरू, एसी बंद, कोड पी०११८: कूलंट टेम्परेचर सेन्सर घरी बदलता येतो का?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, २०१३ चं मॉडेल. इंजिन थंडगार असलं तरी चावी ऑन केली की रेडिएटरचा पंखा लगेच फिरायलाय. एसीचा कॉम्प्रेसर लागत नाही. चेक इंजिनचा दिवा पेटलाय, ब्लूटूथ स्कॅनरवर पी०११८ येतो. गरम गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी परत स्टार्टर मारला की पेट्रोलचा वास, दोन-तीनदा मारल्यावर धरते. दिवसभर उन्हात उभी राहिली तर कधी कधी आपोआप बरी होते, पाऊस लागला की पुन्हा तेच. गॅरेजमध्ये सांगतात सेन्सर बदला, नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून पंखा डायरेक्ट करू. सेन्सर घरी बदलायचा तर पाना कुठला, कूलंट किती सांडणार, आणि मुळात सेन्सरच गेलाय हे ओळखायचं कसं?

पाना_दहाचा
दादा, सेन्सर आणायला जाण्याआधी कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) बघा. उन्हात बरी, पावसात बिघडते या एका वाक्यातच निम्मं उत्तर आहे.

हा सेन्सर म्हणजे तापमान वाढेल तसा रेझिस्टन्स कमी होणारा थर्मिस्टर. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) त्याला आतून ५ व्होल्ट देतो आणि रेझिस्टन्सप्रमाणे किती व्होल्ट उरतात ते वाचतो. पी०११८ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, म्हणजे सर्किट कुठंतरी तुटलंय. ईसीयूला इंजिन उणे ४० अंशांवर असल्यासारखं दिसतं. असं असू शकत नाही हे त्याला कळतं, म्हणून इंजिन वाचवायला तो पंखा कायम चालू ठेवतो, एसी तोडतो आणि स्वतःकडचा ठरावीक आकडा धरून पेट्रोल सोडतो. तो आकडा खऱ्या तापमानाशी जुळत नाही, म्हणून गरम इंजिनला जादा पेट्रोल जातं नि वास येतो. याउलट पी०११७ आला असता तर शॉर्ट समजा.

आता तपासणी. कपलर काढा, चावी ऑन करा (इंजिन सुरू नको), स्कॅनरवर उणे ४० दिसायला हवं. मग गाडीच्या वायरिंगकडच्या कपलरमधल्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा. आकडा झटकन १२० च्या वर गेला तर वायर आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पकडीत. आकडा हललाच नाही तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही, वायर शोधा. काही गाड्यांत कोड लागला की स्कॅनरवर ईसीयूचा बदली आकडा दिसतो, खरा नाही. तेव्हा आधी कोड पुसा आणि लगेच बघा. हा प्रयोग फक्त दोन पिनांच्या सेन्सरवर. तीन-चार पिना असतील तर डायग्रामशिवाय काही जोडू नका, आणि बॅटरीचे १२ व्होल्ट तिथं कुठल्याही परिस्थितीत देऊ नका.

उद्यमबाग_फिटर
वरचं बरोबर आहे, त्यात मीटरचे आकडे घालतो. बऱ्याच गाड्यांत जो सेन्सर येतो त्याचे ढोबळ आकडे असे: २० अंशांना अडीच किलोओहम, ४० ला सव्वा किलोच्या आत, ८० ला ३२० ओहमच्या आसपास, १०० ला १९० च्या जवळपास. गाडीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण चढत्या तापमानाला रेझिस्टन्स सलग उतरला पाहिजे. मध्येच मीटरवर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवलं किंवा आकडा उडी मारायला लागला तर सेन्सर गेला.

सेन्सर काढून तपासणार असाल तर फक्त पितळी टोक पाण्यात बुडवा, पिना कोरड्या ठेवा, आणि टोक भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. थर्मामीटर नसला आणि उकळतं पाणी म्हणजे १०० अंश धरणार असाल तर लक्षात घ्या, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथं पाणी ९७-९८ लाच उकळतं. त्यामुळं २०० ओहमच्या जरा वर आकडा आला तर तो चूक नाही. भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नका, जुनं डबडं घ्या. सेन्सरला लागलेलं कूलंट विषारी असतं.

पिनांवरच्या हिरव्या गंजाला किरकोळ समजू नका. समजा गंजामुळं १०० ओहम जादा लागले. सकाळी थंड इंजिनवर अडीच हजारात शंभर, म्हणजे अंशाचा फरक, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ९५ अंशांना सेन्सर स्वतः २१० ओहमच्या आसपास असतो. त्यात १०० मिळवले की ईसीयूला इंजिन ८० वर आहे असं वाटतं. पंखा ९५ ला लागायचा असेल तर सेन्सरला स्वतः ११० ओहमपर्यंत उतरावं लागेल, आणि ते होतं १२० अंशांच्या जवळ! तोवर चोर्ला घाटाच्या चढावर हेड गॅस्केटचं (इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचं) काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून थंडपणी आकडे जुळले एवढ्यावर खूश होऊ नका, गरम इंजिनवर पण बघा.

भावा_डायरेक्ट_कर
एवढं कशाला राव. थर्मोस्टॅट काढ, पंख्याला स्विच लाव, विषय संपला. आमच्या चिकोडीकडं निम्म्या गाड्या अशाच पळायल्यात.

उद्यमबाग_फिटर
पळतात, आणि दर महिन्याला जादा पेट्रोल पितात. थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, हायवेला इंजिन ६०-६५ च्या वर जातच नाही. ईसीयूला वाटतं अजून गरम व्हायचंय, तो मिश्रण जाड ठेवतो. जाळलं न गेलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. आपल्याकडं डिसेंबरच्या सकाळी १३-१४ अंश असतात, तेव्हा तर विचारूच नका. आणि स्विच लावायला विसरलात की घाटात गाडी उकळणार. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली युक्ती आहे ती, इंजेक्शनच्या गाडीला लावू नका.

पाना_दहाचा
शहापूरकर दादा, तपासणीत सेन्सरच दोषी निघाला तर बदलायची पद्धत सांगतो. काम तासाभराचं आहे, घाई मात्र करायची नाही.

आधी सेन्सर शोधा. बहुतेक गाड्यांत तो थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा हेडमधून रेडिएटरकडं जाणारी वरची जाड नळी जिथं सुरू होते तिथं असतो, पुष्कळदा एअर फिल्टरच्या पाईपखाली. जुन्या काही गाड्यांत दोन सेन्सर असतात: एका वायरचा डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन वायरचा ईसीयूसाठी. तुम्हाला दोन वायरचा हवा. चुकीचा बदलून ‘नवा टाकला तरी तेच’ म्हणणारे भरपूर भेटतात. नवा घेताना जुन्यावरचा नंबर जुळवा. आटे सारखे असले म्हणून आतला थर्मिस्टर सारखा असेलच असं नाही.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं कूलंट अंगावर फवारतं, हात-तोंड भाजतं. थंड गाडीचं झाकण उघडून दाब सोडा आणि पुन्हा घट्ट लावा. झाकण लावलेलं असलं की आत हवा शिरत नाही, आणि सेन्सर काढल्यावर कूलंट कमी सांडतं. बॅटरीची निगेटिव्ह तार दहाच्या पान्याने सोडवा. कपलरची कडी दाबून कपलर ओढा, वायर धरून ओढू नका. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, कडी तुटली की कपलर सैल राहतो आणि तुमचा पी०११८ परत हजर.

आट्यांचा सेन्सर असेल तर बहुधा १९ चा पाना लागतो. खोल सॉकेट मिळाला तर बरं, कारण फिक्स पान्याला तिथं फिरायला जागा नसते. काही गाड्यांत आटेच नसतात, ओ-रिंगचा प्लास्टिक सेन्सर यू आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. ती क्लिप उडून इंजिनखाली पडते, खाली आधी फडकं अंथरा. नवा सेन्सर वायसर घालून हातात तयार ठेवा. जुना शेवटच्या आट्यापर्यंत सैल करायचा, काढायचा, भोकावर बोट ठेवायचं आणि नवा लगेच बसवायचा. असं केलं तर शंभर-दोनशे मिलिलिटरपेक्षा जास्त सांडत नाही. हात नीट पोचत नसेल तर आधी रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून एक-दीड लिटर स्वच्छ भांड्यात काढून पातळी सेन्सरच्या खाली आणा.

जुना वायसर भोकाच्या तोंडाला चिकटून राहतो, तो काढायला विसरू नका. एकावर एक दोन वायसर बसले की हमखास गळती. हेड ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. अडखळलं तर पाना लावू नका, परत काढून सरळ करा. मग माफक घट्ट: बऱ्याच गाड्यांना १२ ते २० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टेफ्लॉन टेप नको. एका वायरच्या सेन्सरला अर्थ (निगेटिव्ह जोडणी) आट्यांतूनच मिळतो, टेपने तो तुटतो. दोन वायरच्याला विजेचा प्रश्न नाही, पण टेपचे तुकडे कूलंटमध्ये जातात. आटे गेलेच तर उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून मिळतं, एमसील लावून दिवस काढू नका.

टिळकवाडी_गिअर
कूलंट परत भरण्याबद्दल थोडं. यात लोक जास्त चुकतात आणि नंतर दोष नव्या सेन्सरला देतात.

सेन्सरच्या टोकाभोवती हवेचा फुगा अडकला तर तो वाफ मोजतो, पाणी नाही. इंजिन उकळतंय आणि स्कॅनर ७५ दाखवायलाय असा प्रकार होतो. म्हणून गाडीचं तोंड चढाकडं करून उभी करा, हॅन्डब्रेक आणि मागच्या चाकांना दगड. आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवा. झाकण थंडपणीच उघडून, ते उघडंच ठेवून हळूहळू भरा. मग इंजिन सुरू करून मधूनमधून दोन हजार आरपीएमवर धरा. बुडबुडे थांबून वरची नळी गरम झाली की झाकण लावा. पंखा दोनदा लागून बंद झाला पाहिजे. इंजिन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघा, बहुतेक वेळा थोडं आणखी लागतं.

बोअरचं पाणी घालू नका. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर बसतात. टोकावर थर बसला की आकडा उशिरा हलतो. तयार मिश्रण घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंग बघून मिसळू नका. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनाची असू शकतात, बाटलीवरचा प्रकार वाचा. सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा. चव गोडसर असते, कुत्री-वासरं चाटतात आणि त्यात मरतात.

शहापूरकर
सगळ्यांचे आभार. तपासलं. कपलर काढल्यावर उणे ४०, पिना जोडल्यावरही उणे ४०. चावी ऑन असताना दोन पिनांत मीटरवर शून्य व्होल्ट, पण एक पीन आणि बॅटरी निगेटिव्ह यांत ५ आहेत. सेन्सर स्वतः २४ अंशांना २.१ किलोओहम. म्हणजे आता?

उद्यमबाग_फिटर
म्हणजे सेन्सरचे पैसे वाचले. ५ व्होल्ट येतायत, ईसीयूकडं परत जाणारी वायर तुटलीय. कपलरपासून वीतभर अंतरात शोधा, जिथं वायरिंग कडेला घासतं किंवा वळण घेतं तिथं. वायर हलकेच ओढा, आतलं तांबं तुटलेलं असेल तर इन्सुलेशन रबरासारखं लांबतं. तांबं काळं-हिरवं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. जोड झाळून घ्या आणि आत गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा, नुसती इन्सुलेशन टेप आपल्या पावसात टिकत नाही. इंजिन हलतं म्हणून वायर थोडी सैल ठेवा. ती पीन बॉडीला अर्थ करून सोडू नका, सेन्सरचा अर्थ ईसीयूतूनच यायला हवा, नाहीतर आकडे डुलतात.

कपलरमध्ये ओल दिसली तर तीही बघा. साधं पाणी असेल तर पावसाचं: कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, वाळल्यावर सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. पण ओल बुळबुळीत आणि रंगीत असेल तर ते कूलंट, सेन्सरच्या आतून झिरपतंय. मग ओहम कितीही बरोबर असोत, सेन्सर बदलायचाच.

निपाणी_डिझेल
मधेच विचारतो, माफ करा. डिझेल गाडी, सकाळी तवंदी घाटाकडच्या थंडीत स्टार्ट व्हायला त्रास, दिवसा एकदम ठीक. सेन्सरचाच संबंध असेल का?

पाना_दहाचा
असू शकतो. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिनचा सिलिंडर आतून तापवणारे हीटर) किती सेकंद तापवायचे हे ईसीयू याच सेन्सरवरून ठरवतो. सकाळी चावी ऑन करून कूलंट आणि बाहेरून येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्हींत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. हवा १४ आणि कूलंट ५० दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन गरम वाटतंय, ग्लो प्लग पुरते तापतच नाहीत. दोन्ही आकडे जुळले तर सेन्सर सोडा, ग्लो प्लग एकेक काढून मीटरवर मोजा. चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास असतो, मेलेला ओपन दाखवतो.