मदत हवी आहे : .२२ च्या नव्या मॅगझिनमधून गोळी अडकायली

बालाघाटी
नमस्कार मंडळी. .२२ रायफलला नवीन मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) घेतलं, दहा गोळ्यांचं. ओरिजिनल नाही, दुसऱ्या मेकचं. डीलर म्हणला बसतंय. बसलं बी, पण गोळी अडकायली. जुनं पाचाचं कामातून गेलंय. रविवारी पुण्याला रेंजवर जायचंय आन आज गुरुवार. काय करावं लवकर सांगा. लायसन्स हाय का म्हणून विचारू नका, हाय.

गोदाकाठ
रायफल कोणती? आन 'अडकायली' म्हणजे कुठं? गोळीचं टोक चेंबरच्या (नळीत गोळी बसायची जागा) खाली धडकायलंय, का बोल्ट (गोळी पुढं ढकलणारा दांडा) गोळीवरून तसाच पुढं चाललाय, का दोन गोळ्या एकमेकीत गुंतायल्यात? तिन्हीची कारणं येगळी. दवाखान्यात जाऊन नुसतं 'दुखायलंय' म्हणलं तर डॉक्टर कुठं सुई टोचणार?

बालाघाटी
बोल्टची हाय, आजोबाची. अडकती म्हणजे अडकती.

झटकामशीन
भाऊ, रानडुकरासाठी असेल तर .२२ चा नाद सोडा. एवढीशी गोळी, डुक्कर जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच गड्याच्या अंगावर येतं. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सरळ आत. मी सहा एकराला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत करंटचा झटका देणारी) लावली, सोलरवर चालते. हरभऱ्याला एक डुक्कर शिवलं नाही.

बालाघाटी
मी डुकराचं नावबी काढलं नाही.

रानवाट
झटकावाले दादा, रोही (नीलगाय) थांबतात का त्यानं? आमच्याकडं वरून उड्या मारतात.

लोखंडीकाम
मॅगझिनच्या वर जे दोन ओठ असतात ना, गोळी धरून ठेवणारे, ते पकडीनं हलके आत दाबा. गोळी सरळ होते. मी तीन मॅगझिनं अशीच सुधारली.

जुना_आर्मोरर
आणि किती बिघडवली?

लोखंडीकाम
दोन. पण ती आधीच खराब होती.

जुना_आर्मोरर
बालाघाटी, पक्कड लांब ठेवा. वरची गोळी किती उंचीवर, कोणत्या तिरक्यात उभी राहणार आणि कोणत्या क्षणी सुटणार हे ते ओठ ठरवतात. पत्रा एकदा वाकवला की परत होता तसा होत नाही.
.२२ ला मुळात एक अडचण आहे. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, म्हणून मॅगझिनमध्ये गोळ्या तिरक्या रचाव्या लागतात. वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे हवी. ती मागे राहिली की बोल्ट ढकलताना वरची खालचीला घेऊन निघते आणि दोन्ही गुंततात. भरताना प्रत्येक गोळी खाली दाबून पार मागे सरकवायची, बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. आता मॉडेल सांगा.

बालाघाटी
ब्रनो मॉडेल २. गोळ्या बरोबरच भरायलोय, लहानपणापासून बघतोय. पयल्या दोन-तीन जातात, मग बोल्ट वरूनच निघून जातोय, गोळी जागेवरच.

गोदाकाठ
हे पयल्याच पोस्टात लिवलं असतं तर आतापर्यंत जेवण होऊन झोपलो असतो.
बोल्ट वरून जायलाय म्हणजे मॅगझिन खाली बसायलंय, न्हाईतर स्प्रिंग गोळी वर ढकलायला कमी पडायली. ब्रनो १, २ आन नंतरच्या सीझेड ४५२, ४५५ यांची मॅगझिनं एकमेकांत चालतात, त्यामुळं डीलर अगदीच खोटं बोलला नाही. पण नक्कल करणाऱ्यानं मॅगझिन धरून ठेवणाऱ्या खटक्याची खाच मिलिमीटरभर चुकवली तरी झालं. हलतंय का बसल्यावर?

बालाघाटी
दातासारखं हलतंय. खालून अंगठ्यानं दाबलं की जाते गोळी. काल घरी पाच-सहा डाव करून बघितलं.

दहापॉइंटनऊ
एक मिनिट. घरी? खऱ्या गोळ्या घालून?

बालाघाटी
नळी भिताडाकडं होती ताई. चापाला हात लावला नाही.

दहापॉइंटनऊ
भिंतीच्या पलीकडे कोण असतं? घरात खरी गोळी बोल्टपुढे न्यायचीच नाही. दुकानात डमी (बिनबारुदाच्या नकली) गोळ्या मिळतात, त्या आणा, आणि खऱ्या गोळ्या आधी दुसऱ्या खोलीत कुलूप लावून ठेवा. डमी नसताना रिकामा चापही ओढत बसू नका, जुन्या .२२ मध्ये पिन चेंबरच्या काठावर आपटते.
दुसरं, रविवारी ५० मीटर मारणार असाल तर मॅगझिन लागतंच कशाला? आम्ही एकेक गोळी हाताने चेंबरमध्ये ठेवतो. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं, तेही एकेक भरूनच.

रानवाट
कांबळवाडीचा पोरगा! आमच्या मराठवाड्यात ५० मीटरची चांगली रेंज असती तर…

पेठकर
झाला का मराठवाड्याचा अनुशेष सुरू.

बालाघाटी
स्पर्धा नाही ताई. मित्रासंग जायचंय, त्यानं दहाचं आणलंय.

दहापॉइंटनऊ
अच्छा, हे खरं कारण.

तेलघाणा
खोबरेल लावा स्प्रिंगला. आमचे वडील आयुष्यभर बंदुकीला खोबरेलच लावत.

जुना_आर्मोरर
खोबरेल थंडीत गोठतं, डिसेंबरच्या पहाटे बाटली उलटी करून बघा. शिवाय .२२ च्या गोळीला बाहेरून मेण असतंच. आत तेल ओतलं की मेण, तेल आणि आपल्याकडची धूळ यांचा चिखल होऊन स्प्रिंग रुतते. मॅगझिन आतून कोरडंच हवं. गंज नको म्हणून तेलाचं फडकं फिरवायचं आणि लगेच पुसून काढायचं.

तेलघाणा
वडील मूर्ख होते म्हणायचं का तुम्हाला?

जुना_आर्मोरर
वडिलांची बंदूक दुनळी बारा बोअर असणार. तिला मॅगझिनच नसतं.

तेलघाणा
बारा बोअरच होती.

लोखंडीकाम
खटक्याचा प्रश्न असेल तर वाळूजला लेथवाला ओळखीचा आहे, नवीन मॅगझिनच बनवून देईल.

गोदाकाठ
अन् दोघंबी आत जा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागबी हत्यारातच धरतात. परवाना असलेल्या डीलरकडूनच घ्या, पावती घेऊन.

जुना_आर्मोरर
बालाघाटी, ते जुनं पाचाचं 'कामातून गेलं' म्हणजे नेमकं काय झालं? फोटो टाका.

बालाघाटी
विधानसभेला रायफल ठाण्यात जमा होती. परत आणली तर मॅगझिनला गंज. चुलतभावानं खोलून घासलं, बसवलं. तेव्हापासून तीनच गोळ्या बसायल्यात, चौथी आत जाईना. फोटो लावलाय.

जुना_आर्मोरर
मॅगझिन चांगलं आहे हो. स्प्रिंग उलटी बसवली आहे. वरच्या पट्टीचं पुढचं नाक खाली गेलेलं दिसतंय, ते वर उचललेलं हवं. बुडाची पट्टी सरकवताना डोळ्यांवर चष्मा घाला आणि अंगठा दाबून धरा, स्प्रिंग उडते. माझी एक कपाटामागे गेली ती घर बदललं तेव्हा सापडली.

बालाघाटी
(शुक्रवार)
काका, बसली! डमी आणल्या. पाचाचं लोण्यासारखं चालायलंय, वीस डाव केले, एकदाबी अटकलं नाही. चुलतभाऊ म्हणतोय त्यानं बरोबरच बसवली होती. दहाचं अजून तसंच. अंगठ्यानं दाबून धरून मारू का रविवारी?

जुना_आर्मोरर
नाही. बोल्ट ओढताना हात खाली, नजर खाली, नळी कुठे फिरेल सांगता येत नाही. पाचाचं न्या. दहाचं परत करा.

बालाघाटी
डीलर बदलून देतो म्हणायलाय, पण पावती मागायलाय. पावती गाडीच्या डिक्कीत होती आन गाडी चुलतभावाकडं, लातूरला.

शिकाऊ२२
दहाचं विकायचं असेल तर मला सांगा.

संपादक
धाग्यावर हत्याराच्या भागांची खरेदी-विक्री नको. वरच्या सदस्याने नियम वाचावेत.

झटकामशीन
रानवाट, रोह्यासाठी तार साडेपाच-सहा फुटांवर अजून एक ओढा. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.