प्रतिसाद: ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना
वर कुणीतरी इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीबद्दल, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांच्या (ऑर्थोडॉन्टिस्टांच्या) संघटनेबद्दल, 'ही दिल्लीत निघालेली सरकारी संस्था' असं लिहिलंय. दोन्ही चूक! सोसायटीचं मूळ आपल्या मुंबईतलं. १९६३मध्ये काही दंतवैद्यांनी इथे अभ्यासगट काढला आणि १९६५मध्ये त्याचीच रीतसर संस्था झाली. दिल्लीचा संबंध बहुधा १९६७च्या पहिल्या अधिवेशनामुळे डोक्यात बसला असावा. त्या काळी एका हाताने वाकडे दात सरळ करायचे आणि दुसऱ्याने संघटना चालवायची, हे सोपं नव्हतं.

सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे, हेही लक्षात घ्या. डॉक्टरची नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे असते. मुलीच्या तारा बसवण्याआधी मी तीच तपासली होती; भिंतीवरची चकचकीत प्रमाणपत्रं नंतर पाहिली.