स्थानिक वस्तूंचं छोटं दुकान: माल रोखीने की विक्रीनंतर पैसे? आणि पावसाळ्यात टिकवायचा कसा?

सांतेरी_फोंडा

फोंड्याजवळ, देवळांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर आहे. त्याची पुढची खोली, साधारण २०० चौरस फूट, दुकानासाठी तयार करतो आहोत. माल सगळा गोव्यातलाच ठेवायचा: डिचोलीकडची मातीची भांडी, सुपं-टोपल्या, करवंटीचे डाव आणि वाट्या, कुणबी कापड, सोलं (कोकमाची सुकवलेली सालं), भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल), माडाचा गूळ, काजू, कोरगुट तांदूळ, हाताने केलेला साबण. दिवाळीनंतर उघडायचा बेत आहे. गिऱ्हाईक म्हणजे देवदर्शनाला येणारे आणि आजूबाजूच्या गावांतले. किनाऱ्यावरचा पर्यटक इकडे कमीच फिरकतो. मालासाठी अडीच लाख बाजूला काढले आहेत.

अडलंय ते इथे. माल रोखीने घ्यावा की विकल्यावर पैसे द्यावेत? जून ते सप्टेंबर बांबू आणि कापड बुरशीपासून कसं वाचवायचं? आणि सुट्या मालाला, साबणाला, काजूला नेमके कोणते कागद लागतात? ‘पंचायतीत विचारा’ एवढंच सांगू नका, तिथे विचारून झालंय.

हिशेबनीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या मालाला एक नाही. खाण्याचा माल रोखीने घ्या, कारण त्याला तारीख आहे आणि तीन महिन्यांनी तो कोणी परत घेणार नाही. सुपं-टोपल्या करणारा आठवड्याच्या बाजारावर जगतो. त्याला ‘विकल्यावर देतो’ म्हटलं तर तो नाही म्हणणार नाही, पण चांगली वीण रोख देणाऱ्याकडे जाईल आणि तुमच्याकडे उरलंसुरलं येईल. विक्रीनंतर पैसे ही पद्धत महाग आणि सावकाश खपणाऱ्या मालालाच ठेवा: कुणबी साडी, मोठी समई, भिंतीवरचं नक्षीकाम.

त्यासाठी दोन प्रतींचं चलन-बुक करा. एका ओळीत एक नग: सांकेतिक क्रमांक, वर्णन, बनवणाऱ्याचा दर, विक्रीचा दर. मुदत ९० दिवस. हिशेब दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. दुकानात फुटलं, मळलं, चोरीला गेलं तर बनवणाऱ्याचा पूर्ण दर दुकानाने द्यायचा. हे वाक्य लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलंच. रोखीच्या जागी उधारीवर माल घेतलात आणि समोरच्याची ‘उद्यम’ (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. ते पाळा.

भावाचं बोलायचं तर ‘चढवलेले टक्के’ आणि ‘सुटलेले टक्के’ यांत गल्लत नको. १०० ला घेतलेलं १६० ला विकलं तर चढवले ६०, पण विक्रीवर सुटले ३७.५ टक्केच. त्यातून तूटफूट आणि पिशव्या जातात. हस्तकलेवर एवढं लागतंच. काजूवर १५ ते २० टक्क्यांच्या वर गेलात तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, कारण काजूचा भाव प्रत्येकाला तोंडपाठ असतो. सगळं मिळून सरासरी ३० टक्के सुटतात असं धरा. भाडं, वीज, एका माणसाचा पगार मिळून महिन्याला २५,००० खर्च असेल तर नुसतं बरोबरीत यायला ८३,००० च्या वर विक्री हवी. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला साधारण ३,२००. घर स्वतःचं असलं तरी भाड्याची रक्कम हिशेबात धरा, नाहीतर दुकान चालतंय की घर दुकानाला पोसतंय हे कळणारच नाही.

आता खरी मेख. अडीच लाख दिवाळीला संपवू नका. काजू मार्च ते मे, सोलं एप्रिल-मे. दोन्ही वर्षभराचं त्याच वेळी, रोखीने, सुकलेलं बघून घ्यावं लागतं. आणि नेमकी त्यानंतर पावसाची मंदी. म्हणजे सगळ्यात मोठी खरेदी आणि सगळ्यात कमी गल्ला एकमेकांना लागून येतात. माझी वाटणी अशी: खाद्यपदार्थ ६०,०००, माती आणि बांबू ७०,०००, कापडाची आगाऊ रक्कम ३०,०००, पिशव्या-बरण्या-लेबलं १५,०००. उरलेल्या ७५,००० ना एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही. पावसाळ्यातला आधार म्हणजे चवथ. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस गावच्या गिऱ्हाइकाचे असतात, तेव्हा सुपं, मातीची भांडी, समया, नारळाचा माल खपतो. त्याची मागणी कारागिरांना जूनमध्येच सांगून ठेवा. ऑगस्टमध्ये सांगितलंत तर त्यांचा माल आधीच बोललेला असतो.

तांबडी_माती

वरचं पटलं. मातीच्या भांड्यांबद्दल थोडं, कारण तक्रारी तिथूनच येतात.

घेताना प्रत्येक नग बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज म्हणजे केसासारखी चीर, नाहीतर कच्ची भाजणी. शंभर नग असले तरी शंभरही वाजवा, अर्धा तास लागतो. शिवाय प्रत्येक भट्टीच्या मालातले तीन-चार नग पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. बाहेरून दमट होणं हा मातीचा धर्मच, पण कागदावर तळं साचलं तर ती भट्टी नको.

शिजवायची आणि शोभेची भांडी एका फळीवर मांडू नका. रंग किंवा वॉर्निश दिलेल्या भांड्यात कोणीतरी हुमण (माशांची आमटी) शिजवणारच. शिजवायच्या भांड्यासोबत चार ओळींची चिठ्ठी द्या: रात्रभर पाण्यात बुडवा, मग तांदळाची पेज घालून मंद आचेवर उकळा, तशीच थंड होऊ द्या, सुरुवातीला आंच मोठी नको, गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका. ही चिठ्ठी नसली की आठ दिवसांत तडकलेलं भांडं परत येतं आणि दोष कुंभारावर जातो. बाहेरून पांढरी पूड फुटली तर ती मातीतले क्षार, बुरशी नव्हे. ओल्या फडक्याने पुसली की जाते. बुरशी मऊ असते आणि तिला वास येतो. हा फरक काउंटरवरच्या माणसाला माहीत हवा.

ओलावा_मोजणारा

दुसरा प्रश्न. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, त्यामुळे फळ्या भिंतीला टेकवून ठोकू नका. मागे चार बोटं जागा सोडा, खालची फळी जमिनीपासून वीतभर वर. काही घेण्याआधी आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत मिळतो. दोन हवेत: एक खोलीत, एक कपाटात. बुरशीला ६५-७० टक्क्यांच्या वर मजा येते आणि जुलैत आपल्याकडे उघड्या खोलीत ८५-९० सहज असतं. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला उन्हाळ्याचा. भर पावसात खिडकी उघडली की बाहेरचा दमटपणा आत येतो. दार-खिडकी बंद ठेवून डिह्युमिडिफायर चालवा. २०० चौरस फुटाला दिवसाला १० ते १२ लिटर पाणी ओढणारं यंत्र पुरतं. टाकीला नळी लावून ती मोरीत सोडा, नाहीतर रात्री टाकी भरून यंत्र बंद पडतं आणि सकाळी सगळं होतं तिथेच. वीजबिल परवडत नसेल तर अख्ख्या खोलीचा नाद सोडा. रबराची पट्टी लावलेलं, काचेच्या दारांचं एक कपाट कोरडं राखा आणि कापड, करवंटी, बारीक बांबूकाम त्यात ठेवा.

सिलिका जेल वापराल तर नारिंगी घ्या, निळी नको. निळ्यात कोबाल्टचं मीठ असतं, खाण्याच्या मालाजवळ त्याचं काम नाही. रंग बदलला की भट्टीत सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते.

बांबूचे शत्रू दोन. बुरशी वरून पुसता येते. खरा घात भुंगेऱ्याचा. तो बांबूतल्या पिष्टासाठी येतो, आणि टोपलीखाली पिठासारखी पिवळसर भुकटी पडलेली दिसेपर्यंत आतून पोखरून झालेलं असतं. कोवळा बांबू किंवा भर पावसात तोडलेला बांबू जास्त लागतो, म्हणून पावसाळा संपल्यावर तोडलेल्या, तीन वर्षांच्या पुढच्या बांबूचंच काम मागा. नवीन आलेली टोपली लगेच जुन्यांत मिसळू नका. दोन आठवडे काळ्या कागदावर वेगळी ठेवा, भुकटी पडली तर लगेच दिसेल. आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. सुती कापड किंवा कागद वापरा.

करवंटीच्या डावांना वॉर्निश नको. घासून गुळगुळीत केल्यावर खोबरेल चोळतात, पण ते सुकत नाही आणि दमट हवेत त्यावर धूळ आणि बुरशी बसते. अळशीचं कच्चं तेल पातळ चोळून आठवडाभर वाळवलं तर ते घट्ट बसतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘उकळलेलं’ अळशीचं तेल खाण्याच्या वस्तूला नको, त्यात वाळवणारी रसायनं असतात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

माडाचा गूळ जूनपासून पाझरू लागतो. ढेप लोणी-कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि मांडणीत एकच ढेप. सोलांना मीठ असतं, ती हवेतलं पाणी ओढतात. शिवाय आंबट-खारट असल्याने साधं पत्र्याचं झाकण महिन्याभरात गंजतं. काचेची बरणी आणि प्लास्टिकचं झाकण बरं. भिरंडेल ३८-४० अंशांना वितळतं, म्हणजे मे महिन्यात उन्हाच्या बाजूची फळी त्याला नको.

तराजू

तिसरा प्रश्न थोडक्यात, पण एकही गाळू नका.

दुकानाची एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी तुमची वेगळी, बनवणाऱ्याची वेगळी. छोट्या धंद्याला मूळ नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. ‘घरगुती’ लिहिल्याने सूट मिळत नाही. बनवणाऱ्याचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवा.

आधीच भरून ठेवलेल्या प्रत्येक पाकिटावर: मालाचं नाव, बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, आणि एकक दर. हा शेवटचा बहुतेकांचा राहतो. २५० ग्रॅम सोलं १५० रुपयांना असतील तर ‘प्रति ग्रॅम ०.६० रुपये’ असं छापायचं. खाद्यपदार्थाला घटक आणि ‘या तारखेपूर्वी उत्तम’ वेगळं. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा.

‘सेंद्रिय’ हा शब्द एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांच्या प्रमाणपत्राशिवाय पाकिटावर नको. शेतकऱ्याने स्वतः थेट विकलं तर छोट्यांना सवलत आहे, दुकानातून विकलं की नाही. कोरगुटाच्या पाकिटावर ‘खाजन शेतीतला’ (खाडीकाठच्या बांधबंदिस्त खाऱ्या जमिनीतला) लिहा. ते खरं आहे आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन. विकायला परवाना लागत नाही, बनवायला लागतो. परवाना क्रमांक नसलेला साबण ठेवू नका, कितीही सुवासिक असला तरी. भिरंडेल ‘भेगांवर लावा’ म्हणून विकलंत तर तेही त्याच रांगेत येतं.

काजू: गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याच्या मालावरच चालतं. सुटे काजू आणून आपणच स्टिकर लावायचं नाही. आयात बी इथे फोडून ‘गोव्याचे’ म्हणून विकण्याचा धंदा जोरात आहे, तेव्हा बिलावर बी कुठली ते लिहून मागा. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर. मोजून बघता येतं.

जीएसटी: वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आणि माल राज्यातच विकत असाल तर नोंदणी सक्तीची नाही. बेळगावला किंवा सावंतवाडीला काजूचं पार्सल विकलंत की लागते. अधिसूचित हस्तकलेला त्यात मर्यादेपर्यंत सूट आहे, खाण्याला नाही. फेणी विचारलेली नाही, तरी सांगतो: अबकारी परवान्याशिवाय एक बाटली शोभेलाही ठेवू नका.

पिशव्या: ‘कापडी’ म्हणून घाऊक बाजारात मिळणारी नॉन-वोव्हन पिशवी प्लास्टिकचीच असते. अशा दुकानाच्या दारात ती शोभत नाही.

सांतेरी_फोंडा

आभार. दोन शंका. बांबूला बोरॅक्सची प्रक्रिया करून घेतली तर भुंगेऱ्याचा प्रश्न कायमचा सुटेल का? आणि कुणबी कापड हातमागाचंच आहे हे कसं ओळखायचं? दोन ठिकाणी एकसारखीच लाल चौकट दाखवली, भावात मात्र तिप्पट फरक.

ओलावा_मोजणारा

सुटेल, पण सगळ्या वस्तूंना नाही. बोरिक आम्ल एक भाग, बोरॅक्स दीड भाग, मिळून पाण्यात ५ टक्के. म्हणजे १०० लिटरला बोरिक २ किलो, बोरॅक्स ३ किलो. विणण्याआधीच्या पट्ट्या पाच-सात दिवस बुडवून सावलीत वाळवायच्या. दिव्याच्या शेड, कपड्यांच्या टोपल्या, चटया यांना उत्तम. मासळी धुवायच्या टोपल्या, तांदूळ पाखडायची सुपं यांना नको, बोरॉन पाण्यात सुटतं. त्यांच्यासाठी शीतपेटी: कोरडा नग पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर चार दिवस, मग बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. लगेच उघडलीत तर वर दव धरतं. याने आतली अळी मरते, पण पुढे पुन्हा लागणार नाही याची हमी नाही. मोठ्या टोपल्या पेटीत मावत नाहीत, त्या थोड्या आणा आणि लवकर विका.

हिशेबनीस

कापडाचा काठ उजेडात धरा. विणताना कापड ताणून धरणाऱ्या काडीच्या टाचण्यांची बारीक भोकं हातमागाच्या काठाला थोड्या-थोड्या अंतरावर, किंचित वाकडीतिकडी दिसतात. यंत्रमागावर ती एकतर नसतात किंवा सलग एका रेषेत असतात. चौकटीही मोजा, हाताच्या विणीत दोन-चार धाग्यांचा फरक पडतोच. एवढ्यावर पूर्ण भरवसा नको, ‘हँडलूम मार्क’चं लेबल आणि विणकराचं बिल मागा. आणि लाल रंग जातो का ते आधी बघा: ओला पांढरा रुमाल काठावर वीस वेळा घासायचा. रुमाल गुलाबी झाला तर ती साडी ‘पहिली धुणी वेगळी’ अशी चिठ्ठी लावूनच विका, आणि त्या विणकराकडे पुढच्या खेपेला पक्का रंग मागा. रंगाचा फरक साडीमागे फार पडत नाही, परत आलेल्या साडीचा पडतो.