ऑफिसला आपलं कॅलेंडर उघडं करून द्यायचं? का म्हणून?

कृष्णाकाठची: 'कॅलेंडर लपवणारा काम लपवतो' असं परवा इथं कुणीतरी ठासून लिहिलंय. त्यांच्यासाठी. आमच्या सांगलीच्या ऑफिसात साहेबांच्या हुकमानं सगळ्यांची गूगल कॅलेंडरं 'पब्लिक' झाली. माझ्या मंगळवारी होतं, 'मिरज, सोनोग्राफी, ११.३०'. डबा उघडायच्या आत पलीकडच्या टेबलावरून, "पेढे कधी?" पेढे कसले, मुतखडा होता! आणि पब्लिक म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे, गूगल सर्चलाही सापडतं. तशी सूचना तिथंच येते, पण वाचतो कोण?

अजिंक्यतारा_७: वाक्य माझंच, मागे घेणार नाही. नुसतं 'मोकळा की बिझी' एवढंच दाखवायची सोय तिथंच आहे. चूक साहेबांची आणि बोंब कॅलेंडरच्या नावानं. आमच्याकडं चार माणसं एका मीटिंगला बसवायची तर सकाळ फोनाफोनीत जाते.

बगाडवाला: बिझी दिसून होतंय काय? रंगपंचमीला आमच्या वाईकडच्या बावधनचं बगाड, जत्रेतला बैलांनी ओढायचा लाकडी गाडा. महिनाभर आधी टाकून ठेवलं, तरी ऑडिट त्याच दिवशी! वर, "होळीला सुट्टी दिली की."

कुपवाड_थर्डशिफ्ट: तुमच्या जत्रांपायी डबल शिफ्ट आम्हीच ओढायची, ते कोण लिहिणार?

बगाडवाला: तोंड सांभाळून. बगाडाला आमच्या घरचे बैल असतात. ते काय रजेचा अर्ज देणार?

कुपवाड_थर्डशिफ्ट: मग दरसालचं रिपीट लावून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सांगत येऊ नका.

बगाडवाला: तिथी आहे ती, वाढदिवस नव्हे! २०२४ ला ३० मार्च, २०२५ ला १९ मार्च. लावा रिपीट.

अजिंक्यतारा_७: धागा कॅलेंडरचा, गाडी पोचली वाई तालुक्यात. ताई, पब्लिक नको तर सिक्रेट आयकॅल लिंक, म्हणजे कॅलेंडर बघायचा खासगी पत्ता, द्या की.

कृष्णाकाठची: दिली होती एकाला, त्यानं ग्रुपवर टाकली. लिंक ज्याच्या हाती, त्याला सगळं दिसतं. रिसेट केली तेव्हा कुठं जुनी बंद पडली. 'बिझी'पुरतं तुमचं खरं, घ्या! पण दवाखाना, माहेर, पोराची शाळा मी आता भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिते. बघायला या घरी.

अजिंक्यतारा_७: मग मीटिंग ठरवायची तर सांगलीला यायचं म्हणा.

बगाडवाला: २०२६ चं बगाड ८ मार्चला, रविवारी. त्यावर तरी कुरकुर नको.

कुपवाड_थर्डशिफ्ट: रविवारी थर्ड शिफ्ट नसते असं कुणी सांगितलं?